जानराव फिटरचा सुपरचार्जर

मित्रांनो, मी एक जुना सुपरचार्जर आहे. हे नाव जिभेला जड जाते, म्हणून कारंजा गावात मला त्या नावाने फारसे कोणी हाक मारली नाही. कोणी 'हवापंप' म्हणे, कोणी 'फुंकणी' म्हणे. सोमला नाईकाच्या तांड्यावरच्या बाया मला 'गाडीचा भाता' म्हणत आणि मला तेच नाव सगळ्यांत आवडे. लोहाराचा भाता विस्तवात हवा घालतो, तशी मी मोटारीच्या इंजिनात हवा घालीत असे. हवा जास्त मिळाली की पेट्रोल जोराने जळते आणि इंजिनाला बळ येते. एवढेच माझे काम. पण त्या कामासाठी माझी निवड कशी झाली, ते मात्र सांगण्यासारखे आहे.

माझा जन्म १९४४ साली विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मोठी लढाई चालू होती. पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून माझे अंग जुळवले ते एका बाईने. माझ्या पोटात डमरूसारखी कमरेत बारीक अशी दोन पाती आहेत. ती समोरासमोर फिरतात, पण एकमेकांना कधी शिवत नाहीत. त्यांच्यात केसाएवढी फट राहिली की नाही, हे ती बाई एक पातळ पत्री सरकवून पाही. फट मोठी झाली तर हवा निसटते, आणि मुळीच राहिली नाही तर पाती एकमेकांना खातात. तिचा चेहरा मला आता आठवत नाही. पत्री सहज सरकली की ती हलकेच 'हं' म्हणे, तेवढे आठवते.

उंच आकाशात हवा विरळ असते. विमानातल्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून आत हवा भरण्याचे काम मला मिळाले. ते फार दिवस चालले नाही. लढाई संपली तेव्हा आमचे विमान हिंदुस्थानात होते, आणि ते पुन्हा उडालेच नाही. त्याचे भाग सुटे करून नागपूरच्या बाहेर ढिगात टाकले. त्या ढिगात मी पाच-सहा पावसाळे काढले. माझ्या शेजारी एक टर्बोचार्जर पडलेला होता. तो कुठल्याशा डिझेल इंजिनावरून उतरलेला होता. तोही इंजिनात हवाच भरतो, पण त्याची रीत वेगळी. मला फिरायला इंजिनाचा पट्टा लागतो. त्याला मात्र इंजिनाने बाहेर टाकलेला धूर पुरतो. धुराच्या झोताने त्याची भिंगरी फिरते आणि ती भिंगरी हवा ढकलते. त्या ढिगात आम्ही दोघेही मुकेच होतो.

१९५२ साली जानराव आले. जानराव कारंज्याच्या एका जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, फिटर होते. लढाईच्या काळात त्यांनी फौजेच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे आम्हाला पाहताच त्यांनी ओळखले. ते आले होते कारखान्यासाठी जुने पट्टे आणि चाके न्यायला. पण आम्हा दोघांनाही त्यांनी गोणपाटात गुंडाळले आणि कारंज्याला आणले. माझी पाती हाताने फिरवून पाहिली, टर्बोची भिंगरी बोटाने फिरवली, आणि आम्हाला कारखान्याच्या वर्कशॉपात एका फळीवर शेजारी शेजारी ठेवले. रोज काम संपले की ते टर्बोकडे पाहत राहत. माझ्याकडे त्यांची नजर कमी येई. ते मला लागत असे, हे खोटे कशाला बोलू?

एके दिवशी दुपारी शालिग्राम वर्कशॉपात आला. शालिग्रामकडे एक जुनी चार सिलिंडरची मोटार होती आणि तो ती भाड्याने चालवी. गडी उंचपुरा आणि बडबड्या, पण त्या दिवशी तो दाराशीच बसून राहिला.

"काय झालं बापा? गाडी बिघडली काय?" जानरावांनी विचारले.

"गाडी नाई बिघडली. गाडीत दमच नाई," शालिग्राम म्हणाला. "सोमला नाईकाच्या तांड्याची चढण काल चढलीच नाई, जानरावदादा."

मग त्याने सांगितले. धनज गावाच्या पलीकडे, नाल्याच्या खोलगट पात्रापाशी हा तांडा होता. तांड्यातून बाहेर पडायचे तर आधी नाला ओलांडायचा आणि लगेच उभी चढण चढायची. चढणीच्या मध्यावर एक वळण होते. तांड्यातल्या लालसिंगची बायको रुपाबाई बाळंतपणात अडली होती. तिला कारंज्याच्या दवाखान्यात आणायला शालिग्राम गेला. पण माणसे बसलेली गाडी वळणाशी आली की बंद पडे. एकदा नाही, चार वेळा. शेवटी रुपाबाईला खाटेवर घालून माणसांनी खांद्यावरून वर नेले आणि रिकामी गाडी मागून वर चढली. त्यात फार वेळ गेला. रुपाबाई वाचली. मूल वाचले नाही.

"तिनं मले एक शब्द नाई म्हटला," शालिग्राम म्हणाला. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

जानरावांनी हातातला पाना खाली ठेवला. मग ते उठले आणि फळीकडे आले.

पुढचे वर्ष दीड वर्ष कामाच्या रगाड्यात गेले. जानरावांना वेळ मिळे तो कापसाचा हंगाम सरल्यावर. मग १९५३ च्या पावसाळ्यात बातमी आली की रुपाबाईला पुन्हा दिवस गेले आहेत आणि दिवाळीच्या आगेमागे ती बाळंत होईल. ही बातमी आणली ती दवाखान्यातल्या नर्स ललिताबाईंनी. त्या मूळच्या रिसोडच्या. तांड्यातांड्यांतून पायी फिरत. बोलायला सरळ आणि चालायला झपाझप.

"जानरावभाऊ, तुमी त्या गाडीचं काई करून राह्यले म्हणे," त्या दारातून म्हणाल्या. "करून राह्यले का नुसतं बोलून राह्यले?"

त्याच रात्रीपासून नाही, पण दुसऱ्या सकाळपासून काम सुरू झाले.

मित्रांनो, जानरावांनी आधी मला घेतले नाही. टर्बोला घेतले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते शालिग्रामला समजावून सांगत होते आणि मी फळीवरून ऐकत होतो.

"हा पाह्य, हा धुरावर चालते. धूर तं वायाच जाते ना? मंग फुकटची ताकद हाय ही. अन तो दुसरा," त्यांनी माझ्याकडे बोट केले, "तो इंजिनाचीच ताकद खाते अन मंग इंजिनाले हवा देते. पेट्रोल बी जास्त पेते."

हे सगळे खरे होते. मी खातो, मग देतो. टर्बो जे खातो ते टाकाऊच असते. मला स्वतःची लाज वाटली.

टर्बो बसवायला दहा दिवस लागले. धुराच्या नळीला नवे वळण द्यावे लागले, तेलाची बारीक नळी ओढावी लागली. मग जानराव आणि शालिग्राम गाडी घेऊन अमरावतीच्या सरळ रस्त्यावर गेले. परत आले तेव्हा शालिग्रामचे केस उभे होते आणि तो हसत होता.

"दादा, पहिल्यांदी काईच कळत नाई. मंग एकदम अशी पळते, जशी बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत सुटली!"

जानरावांनी त्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी ते नाल्यावर गेले. ललिताबाईही सोबत होत्या, आणि गाडीत वजन म्हणून सरकीची पोती घातली होती. मी तिथे नव्हतो. पण संध्याकाळी ते परतले तेव्हा कोणी हसत नव्हते. गाडी त्याच वळणाशी बंद पडली होती.

"थोडी अजून धाव घेऊन यायले पायजे होतं खालून," जानराव म्हणाले. "इंजिन जोरात फिरलं का भिंगरी फिरते. भिंगरी फिरली का मंग पाहाले नको."

"जानरावभाऊ," ललिताबाईंनी विचारले, "चढ कुठून सुरू होते?"

"नाल्यातून."

"अन नाल्यात गाडी कशी चालते?"

शालिग्रामनेच उत्तर दिले. "नाल्यात सारे गोटे हायेत, बाई. बैलगाडीपरस बी हळू जा लागते."

"मंग तिथं तुमची भिंगरी झोपलेलीच राहीन," ललिताबाई म्हणाल्या. "मागं बाळंतीण झोपलेली राहीन. तिले घेऊन गोट्यावरून पळता येते का? तुमचं यंत्र चांगलं असन, मी नाई म्हणत नाई. पण त्याले पळून आल्यावर जोर येते. आपल्याले उभ्या जागी जोर पायजे."

जानरावांना राग आला. दहा दिवसांची मेहनत होती, आणि त्याहून जास्त, त्या यंत्रावर त्यांचा जीव बसला होता. ते म्हणाले, "बाई, तुमी सुया टोचा. यंत्राचं मले कळते."

ललिताबाई निघून गेल्या. शालिग्रामही गेला. जानराव एकटेच बसले. मग त्यांनी खडू घेऊन जमिनीवर चढणीची रेघ काढली, नाल्याशी एक खूण केली, वळणाशी एक. बराच वेळ ते त्या दोन खुणांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी पायाने रेघ पुसली आणि मला फळीवरून उचलले. माझ्यावरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्याने झटकली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दवाखान्यात गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. पण ललिताबाई त्यांच्यासोबत वर्कशॉपात आल्या आणि जाताना हसत होत्या.

टर्बो उतरवल्यावर मला बसवणे सोपे होते. इंजिनाच्या पुढच्या चाकावरून माझ्या चाकापर्यंत एक चामड्याचा पट्टा आला. तो जिनिंगच्या यंत्राचा जुना पट्टा होता, कापून बारीक केलेला. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा आतून ठकठक आवाज येऊ लागला. जास्त हवा त्या म्हाताऱ्या इंजिनाला सोसेना. जानरावांनी ठिणगी जराशी उशिरा पडेल असे केले, माझे चाक थोडे मोठे बसवून माझा वेग कमी केला, आणि आवाज थांबला. सरळ रस्त्यावर मी काही नवल केले नाही. शालिग्राम थोडा हिरमुसला. पण नाल्यातून, सरकीची पोती घेऊन, बैलाच्या चालीने निघालेली गाडी वळण घेऊन वर गेली. त्या दिवशी जानरावांनी कोणाला चहा पाजला नाही. त्यांनी फक्त माझ्या अंगावर हात ठेवला. मी तापलो होतो. त्यांना चटका बसला तरी त्यांनी हात लगेच काढला नाही.

दिवाळीला आठ दिवस होते. सकाळीच लालसिंग धनजहून सायकलवर आला. घामाने भिजलेला होता.

"शालिग्रामभाऊ, चाल. रुपाले पहाटपासून दुखून राह्यलं. मूल आडवं हाय म्हणते दाई."

शालिग्रामने हातातला कप खाली ठेवला. ललिताबाई आल्या, जानराव आले. जानरावांनी एका डब्यात राळ घेतली. पट्टा सरकू लागला तर राळ चोळतात, हे जिनिंगच्या माणसाला सांगावे लागत नाही.

तांड्यावर पोहोचलो तेव्हा तांड्याचे प्रमुख सोमला नाईक स्वतः रस्त्यावर उभे होते. रुपाबाईला मागच्या बाकावर निजवले. तिचे डोके ललिताबाईंच्या मांडीवर होते. लालसिंग गाडीत बसला नाही. तो एक मोठा दगड उचलून मागून चालू लागला.

नाल्यात घोट्याइतके पाणी होते. शालिग्रामने गाडी इतकी हळू घातली की गोटा गोटा मोजता आला असता. पण पुढचे चाक एका खड्ड्यात गेले आणि पाणी वर उडाले. ते पट्ट्यावर पडले. मला ते लगेच कळले. चढण सुरू झाली, मी हवा ओढू लागलो, आणि पट्टा माझ्या चाकावर घसरू लागला. इंजिन फिरत होते, पण मी मागे पडत होतो. मित्रांनो, मला हात असते तर मी तो पट्टा धरून ठेवला असता. वळण आले. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी थरथरली, आणि बंद पडली.

त्याच वळणाशी.

लालसिंगने चाकामागे दगड टाकला. मग मागच्या बाकावरून रुपाबाईचा आवाज आला. दुखण्यातही ती हळू बोलली.

"शालिग्रामभाऊ, उतरू का मी?"

शालिग्रामने मागे वळून पाहिले नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट होते.

"नाई माय. तू पडून राह्य. या खेपेले कोनी उतरत नाई."

जानरावांनी इंजिनावरचे बॉनेट उघडले होते. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी पट्टा पुसला, आधी वरून, मग आतून. माझे चाक पुसले. मग राळेची बुकी पट्ट्यावर चोळली. "घाई करू नको," ते स्वतःलाच सांगत होते. मग पुढे जाऊन त्यांनी हँडल मारले. पहिल्या फेऱ्यात काही नाही. दुसऱ्यात इंजिन पेटले.

आता गाडी उभ्या जागेवरून, अर्ध्या चढणीवरून निघायची होती. मागे पळायला जागा नव्हती. मी त्या क्षणी टर्बोचा विचार केला नाही, नागपूरच्या ढिगाचा केला नाही. पट्ट्याने मला धरले. राळेमुळे तो करकचून बसला होता. शालिग्रामने हळूच क्लच सोडला आणि पहिल्याच फेऱ्यापासून मी हवा लोटली. जेवढी होती तेवढी सगळी. गाडी इंचभर पुढे गेली. मग वीतभर. मागे लालसिंग दगड हातात घेऊन धावत होता आणि ओरडत होता, "चालली! चालली व!" वळण मागे पडले. चढणीचा माथा आला, समोर धनजचा रस्ता दिसला, आणि शालिग्राम रडू लागला. गाडी मात्र त्याने थांबवली नाही.

कारंज्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मूल फिरवले. दुपारी मुलगी झाली. आई आणि मूल दोन्ही सुखरूप. नाव चंदा ठेवले. ललिताबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या आणि जानरावांना म्हणाल्या, "यंत्राचं तुमाले कळते, जानरावभाऊ."

"यंत्राचं कळते," जानराव म्हणाले. "चढणीचं तुमी सांगितलं."

त्यानंतरची चार वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षे. तांड्यावरून कोणाला साप चावला, कोणाचा ताप उतरेना, कोणाचा पाय मोडला, की शालिग्रामची गाडी जाई आणि मी तिला वर आणी. दसऱ्याला तांड्यावरच्या बाया बॉनेटवर कुंकू लावत आणि भुरीबाई नावाची म्हातारी बॉनेट उघडायला लावून एक बोट माझ्यावरही ओढी. जानराव दर आठवड्याला माझे तेल पाहत. टर्बोचेही त्यांनी भले केले. जिनिंगचे डिझेल इंजिन हंगामात दिवसभर एकाच वेगाने चाले. तिथे त्यांनी त्याला बसवला. एकसारख्या धुरावर त्याची भिंगरी दिवसभर गुंजत राही, आणि जानराव जेवताना तिचा आवाज ऐकत बसत. माझ्या मनातला हेवा तेव्हा गेला. तो माझ्यापेक्षा कमी नव्हता. त्याची वाट वेगळी होती.

१९५७ साली नाल्यावर पूल झाला. चढण कापून रस्ता सोपा केला. सरकारी जीप आली. चांगलेच झाले, मी कशाला वाईट म्हणू? शालिग्रामला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि त्याने गाडी रिसोडच्या एका धान्य व्यापाऱ्याला विकली. व्यापाऱ्याला मी नको होतो. मी पेट्रोल जास्त खातो, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. जानरावांनी मला उतरवले, रॉकेलने धुतले, तेल लावून पुन्हा फळीवर ठेवले. पुढच्याच वर्षी त्यांचे डोळे अधू झाले आणि ते लेकीच्या गावी राहायला गेले. जाताना त्यांनी नव्या फिटरला माझ्याबद्दल सांगितले होते. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याने ते मनावर घेतले नाही.

फळीवर जागा हवी होती, म्हणून मला बाहेर ठेवले. मग छपराचा पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर वजन म्हणून ठेवले. तिथे मी दोन पावसाळे काढले. तोंडातून पाणी आत गेले, तेल वाहून गेले. कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीची घरे केली. एक दिवस मी पाती हलवून पाहावीत असे मनात आणले, आणि मला कळले की ती आता हलत नाहीत. मित्रांनो, मोडून पडण्याचे मला भय नव्हते. यंत्र कामात मोडते, त्यात काही कमीपणा नाही. पण नुसते पडून राहून गंजणे फार हळू असते, आणि त्याचा आवाजही होत नाही, म्हणून ते कोणाला कळत नाही.

या वर्षी, म्हणजे १९५९ साली, धनजच्या शाळेतले जगदेव गुरुजी कारखान्यात आले. शाळेसाठी एखादे यंत्र मिळाले तर मुलांना दाखवीन, असे ते म्हणाले. त्यांना छपरावरून मला काढून दिले. शाळेत आणल्यावर त्यांनी तुम्हा सगळ्यांना भोवती बसवले. तुम्ही काडीने माझ्या पोटातली माती काढली, रॉकेलमध्ये मला भिजत घातले. पहिल्या दिवशी पाती हलली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्यातल्या कोणी कोणी कंटाळून खेळायला गेले. गुरुजींनी घाई केली नाही, हातोडी उचलली नाही. रोज थोडे तेल, रोज थोडा धक्का. अकराव्या दिवशी चाक बोटभर सरकले, आणि तुम्ही सगळे एकदम ओरडलात.

आता मी तुमच्या वर्गातल्या टेबलावर आहे. मला मोटार नको आहे, चढण नको आहे. तुमच्या घरी पंप असेल, सायकल असेल, चरक असेल, शिलाईचे यंत्र असेल, त्याला आज घरी गेल्यावर एकदा हात लावून पाहा. काम झाल्यावर पुसा. कामाचे नसेल तेव्हा जास्त पुसा. थेंबभर तेल द्या आणि पावसात टाकू नका. इतकेच मागणे आहे माझे.

आणि आता एकाने माझे चाक फिरवा. बाकीच्यांनी माझ्या तोंडाशी तळहात धरा. जरा जवळ. आली ना हवा?